झाडाखाली काय आहे

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी सगळ्यांत आधी आला तो वखारीचा माणूस. रात्रभर वीज नव्हती. घरात कडुलिंबाच्या चुरगळलेल्या पाल्याचा कडू दर्प कोंडलेला, फरशीवर धुरळ्याचा चिखल, आणि मी अजून दात घासून चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. त्याने सायकल भिंतीला टेकवली, एकदाच मान वर करून फाटून लोंबणाऱ्या फांदीकडे बघितलं आणि म्हणाला, "वैनी, ह्याचं काय खरं न्हाई आता. पडणार बगा. घरावरच येतंय." मग त्याने आकडा सांगितला. लाकूड त्याचं, परवानगीचं तोच बघणार, दुपारी कटर मशीन घेऊन माणसं येणार. मी "विचारून सांगते" म्हणेपर्यंत तो पुढच्या घराचं फाटक वाजवत होता. त्याचा निकाल कदाचित बरोबरही असेल, असं मला तेव्हाही वाटलं. पण पन्नास वर्षांच्या झाडाला त्याने जेवढा वेळ दिला, त्याहून जास्त वेळ मी मंडईत एका कलिंगडाला देते. शिवाय ज्याला लाकूड मिळणार तोच झाड पडणार म्हणून सांगतो, हेही मनातून जाईना.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. लग्न होऊन आले तेव्हा त्या खडखडाटाने मला झोप लागत नसे, आता तो थांबला की जाग येते. त्या रात्री आधी वारं आलं, मग वीज गेली, आणि माग एकदम गप्प झाले. त्या शांततेत पहिल्यांदाच लिंब किती मोठ्याने बोलतो ते कळलं. मेच्या मध्यावरचा वळीव. दिवसभर पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, आणि संध्याकाळी होटगीच्या बाजूने तांबडं-काळं आभाळ चढलेलं. गल्लीत कुणाचा तरी पत्रा उडून घसटत गेल्याचा आवाज. मग एक लांबलचक चरचर, एखादा जाड कपडा सावकाश फाडावा तशी, आणि धप्प. मी खिडकीपाशी गेले नाही. सासूबाई अंधारात म्हणाल्या, "गेला वाटतं." त्या झाडाला पुल्लिंगीच बोलतात, घरातल्या माणसासारखं.

सकाळी दिसलं ते असं. लिंबाला जमिनीपासून डोक्याइतक्या उंचीवर बेचकं आहे, तिथून दोन जाड खोडं वर जातात. रस्त्याकडचं खोड अर्ध्यातून फाटून खाली आलं होतं, केबलची वायर तोडून, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून. बेचक्यापासून खाली हातभर सालीची पट्टी सोलून निघालेली, आतलं लाकूड ओलं, पिवळसर गुलाबी. हिरव्या कोवळ्या निंबोळ्यांचा सडा. दिसायला भयंकरच होतं. गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन वर बघितलं आणि मत दिलं. समोरच्या काकांचं मत जुनंच होतं, त्यांना पाल्याच्या कचऱ्याचा त्रास आहे, वादळाने त्यांच्या म्हणण्याला फक्त एक सभ्य कारण मिळवून दिलं. पलीकडच्या तेलुगू आजींनी हात जोडले आणि पोचम्मा रागावेल असं काहीतरी पुटपुटल्या. कुणी म्हणालं वरून निम्मं छाटून टाका, म्हणजे भार कमी होईल. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, रिस्क घेऊ नका." रिस्क म्हणजे नक्की कशाची, हे त्यालाही सांगता आलं नसतं, मलाही नाही.

हा लिंब कुणी लावलेला नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी तो अंगणात आपोआप उगवला, आणि मिलमध्ये जॉबर असलेल्या सासऱ्यांनी त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून राखलं, एवढंच. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या नातेवाइकांची घरं त्यांनी पाहिली होती. ज्या वर्षी माणसाला पाणी नव्हतं त्याच्या पुढच्याच वर्षी न मागता एक झाड आलं, याचं त्यांना फार अप्रूप असावं. पुढे मिल बंद पडली, थकबाकीच्या चकरा झाल्या, तेव्हा ते दुपारभर त्याच्याखाली बाजेवर पडून असत. मी त्यांना सून म्हणून जेवढी ओळखते त्यातलं निम्मं त्या बाजेवरचं आहे. त्यामुळे वखारवाल्याला लगेच हो म्हणवेना, तसं नाहीही म्हणवेना. माया काही झाडाला उभं धरत नाही.

मग मी मामांना फोन केला.

मामा म्हणजे यांचे मामा. आयुष्यभर शेतीखात्यात फळबागांचं काम केलं, आता बाळ्याला राहतात. स्कूटरवरून आले, आणि आल्या आल्या फाटकाबाहेरच थांबले. आत येईनात. "आधी वायर बघू दे की. कुठली तुटलीय ती. आणि वर काय अडकलंय ते." लोंबणाऱ्या फांदीपेक्षा वर शेंड्यात तुटून दुसऱ्या फांद्यांवर नुसती टेकलेली एक फांदी होती, कुणालाच दिसली नव्हती. ती कधीही, वारं नसतानाही, खाली येऊ शकते म्हणाले. वादळानंतर माणसं मरतात ती बऱ्याचदा वादळात नाही, आवरायला गेल्यावर. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि समोरच्या गच्चीवर जाऊन त्यांनी झाड लांबून पाहिलं. आम्ही सगळे बुंध्याशी घोळका करून वर बघत होतो आणि हा माणूस पन्नास पावलांवर उभा. काकांनी मला डोळ्याने विचारलं, हे काय करतायत?

जवळ आल्यावर मामा खाली बसले. वर बघितलंच नाही. बुंध्याभोवतीची माती बोटांनी चाचपत चवड्यांवर पूर्ण फेरी मारली. "झाड उलथतं तेव्हा आधी माती बोलते," म्हणाले. ज्या बाजूने वारं आलं त्या बाजूची जमीन फुगली आहे का, तिथे नवी भेग पडली आहे का, बुंधा आणि माती यांच्यात फट आहे का, हे ते शोधत होते. झाडाच्या मुळांची आपली कल्पना गाजरासारखी असते, खोल सरळ गेलेली. सोटमूळ असलं तरी झाडाला धरून ठेवणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली. वाऱ्याने ते सगळं एकदम उचललं जातं. आणि आपली माती काळी. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात बारीक मुळं ताणून तुटतात. मग पहिल्या वळवाचं पाणी थेट त्या भेगांत उतरतं, माती फुगते, लिबलिबीत होते. म्हणजे झाडाची पकड सगळ्यांत कच्ची असते नेमकी तेव्हाच सोलापुरात सगळ्यांत मोठं वारं येतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. हे शाळेत शिकलेलं मला त्या दिवशी कळलं.

लिंबाभोवतीची माती मात्र जागची हलली नव्हती. झाड रस्त्याकडे कललेलं आहे हे समोरच्या काकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. मामांनी त्यांना शेंड्याकडे बघायला लावलं. खोड खाली कललेलं आणि वर जाता जाता पुन्हा सरळ झालेलं. जन्माचा कल. अशा झाडाने वर्षानुवर्षं कलाच्या उलट बाजूला लाकूड चढवून स्वतःला सावरलेलं असतं. भ्यायचं ते काल नसलेल्या कलाला. मग त्यांनी मागितलं ते माझं धुण्याचं धोपाटणं. सासूबाईंना वाटलं आता चहा पिऊन धुणं धुणार की काय. त्यांनी धोपाटण्याने बुंधा ठोकायला सुरुवात केली, खालून वर, गोल फिरत, कान सालीला लावून. एका ठिकाणी आवाज बदलला. ठक्क ठक्क चाललेलं मधेच ढब झालं. पूर्वी विजेच्या तारांसाठी फांदी छाटली होती, तिथे खुंट सोडलेला, तो कुजून आत पोकळी गेलेली. सळई घातली तर वीतभर आत गेली. माझ्या पोटात गोळा आला. मामा शांत. "पोकळ आहे म्हणजे पडेल असं नाही. कडेचं लाकूड किती राहिलंय ते महत्त्वाचं."

त्या रात्री वीज आल्यावर मी वाचत बसले. अलेक्स शिगो नावाच्या एका अमेरिकन वनशास्त्रज्ञाने कटरने हजारो झाडं उभी चिरून आत पाहिलं. त्याचं सांगणं असं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालतं, कुजलेलं आत बंद करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. म्हणजे जुनी प्रत्येक इजा आत तशीच असते. खोडावर डांबर किंवा रंग फासल्याने ही भिंत बळकट होत नाही, आणि पोकळीत सिमेंट भरल्याने तर उलट नुकसान होतं. क्लाउस माथेक या जर्मन अभ्यासकाचा एक ढोबळ आडाखाही सापडला, की पोकळीभोवतीच्या धड लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर झाड बहुधा तग धरतं. आडाखाच तो, मोठं भगदाड बाहेर उघडं असेल तर तो चालत नाही. पण आमच्या लिंबाला त्याहून बरंच लाकूड शिल्लक होतं. मधेच एकदा मनात आलं, सासऱ्यांच्या आयुष्यातली मिलची वर्षं अशीच आत बंद असतील. मग मीच तो विचार झटकला. झाडाकडे झाड म्हणून बघायला आत्ता कुठे शिकत होते.

फांदी फाटली ती बेचक्यामुळे. पसरट बेचक्यात दोन्हीकडचं लाकूड एकमेकांत विणलं जातं. आमचं अरुंद होतं, दोन खोडं एकमेकांना चिकटून वाढली आणि मधे साल दाबली गेली, त्यामुळे बाहेरून जोड दिसला तरी आत जोड नव्हताच. झाडाच्या लहानपणीच एक खोड काढलं असतं तर हे झालं नसतं, असं मामा म्हणाले. आणि मग ते वाक्य, ज्याने काकांचा चेहरा पडला: "ज्याचं मोडायचं ते मोडलं. राहिलेलं झाड कालच्यापेक्षा आज हलकं आहे."

एवढं झाल्यावर ते पाणी प्यायला बसतील असं वाटलं, पण त्यांची नजर समोरच्या गुलमोहरावर गेली होती.

काकांच्या घराला लागून, त्यांच्या चारचाकीच्या पत्र्याच्या शेडवर छत्र धरून उभा असलेला हा गुलमोहर. पंधरा-सोळा वर्षांचा. मे असल्यामुळे लालभडक, वादळात पाकळ्या सोडून त्याचं काहीच गेलं नव्हतं. सकाळपासून लोक त्याच्याच सावलीत उभे राहून आमच्या लिंबाची चर्चा करत होते. मामांनी त्याच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक दाखवले. शेडच्या विरुद्ध बाजूला तीन-चार ब्लॉक उचलले गेले होते आणि त्यांच्यामधून एक ताजी, ओली, अर्धचंद्राकृती भेग गेली होती. मामांनी पाय ठेवून पाहिला, ब्लॉक खालून पोकळ वाजला. ओळंबा आहे का विचारलं. गल्लीत एका घरी गवंडीकाम चालू होतं, तिथून आणला. खोडाशी धरला तर झाड शेडकडे कललेलं, आणि खोड खालपासून वरपर्यंत सरळच्या सरळ. कुठेही सावरल्याची खूण नाही. हा कल नवा होता. कदाचित आदल्या रात्रीचाच. शिवाय गेल्या उन्हाळ्यात त्याच बाजूने ड्रेनेजच्या लाइनीसाठी चर खणला होता, झाडापासून दोन हातांवर. चर बुजला, ब्लॉक बसले, फुलं आली, आणि मुळं तुटल्याचं सगळे विसरले. "गाडी काढा," मामा काकांना म्हणाले. "आत्ता. चावी आणा."

फुललेल्या झाडावर कुणी संशय घेत नाही. काकांनीही घेतला नाही, ते दुखावले. त्यांना वाटलं, आम्ही आमचं झाड वाचवायला त्यांच्यावर बोट दाखवतोय, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. शेवटी त्यांच्या सुनेने गाडी काढली. रीतसर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज गेला. स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली शहरात ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे वखारवाल्याच्या "मी बघतो"मध्ये बसत नव्हतं. जीविताला धोका असेल तर परवानगी अडत नाही. भेगेचे आणि ओळंब्याचे फोटो अर्जाला जोडले. त्या निमित्ताने कळलं की २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी काय आहे?"

गुलमोहर दोरखंड बांधून तुकड्या-तुकड्याने उतरवला. बुंधा निघाला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. चराकडची मुळं सरळ रेषेत कापलेली, टोकं काळी पडून कुजलेली. आणि मधला गड्डा अजून नर्सरीच्या पिशवीच्या आकाराचा होता. रोप पिशवीतून काढताना वेटोळी झालेली मुळं कुणी सोडवली नव्हती. पंधरा वर्षं ती स्वतःभोवतीच फिरत जाड झाली होती. वर एवढं लाल छत्र आणि खाली एवढीच धाव. मला त्या झाडाचं लिंबापेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि ते का, हे अजून नीट सांगता येत नाही. लिंबाला निदान न हलवता एका जागी वाढू दिलं होतं. या बिचाऱ्याला आणलं, गच्च बसवलं, वरून ब्लॉक लावले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे अजून अंगण "स्वच्छ दिसावं" म्हणून बुंध्यापर्यंत ब्लॉक जातात, आणि हे करताना हौसच असते, दुष्टपणा नव्हे.

आमच्या लिंबाची फाटलेली फांदी मामांनी समोर उभं राहून काढून घेतली. माणूस वरून एका दमात कापायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी खोडापासून हातभर लांब, खालून अर्धवट काप; मग त्याच्या पुढे वरून; वजन गेल्यावर उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून, कडं न दुखवता. नाहीतर पडताना ती आणखी साल सोलून नेते. वरून निम्मं छाटायला त्यांनी साफ नकार दिला. तशा छाटलेल्या टोकांवर पुढच्या वर्षी धुमारे भराभर फुटतात, हिरवंगार दिसतं, पण ते नुसते सालीजवळच्या लाकडाला चिकटलेले असतात, आणि चार-पाच वर्षांनी जड झाले की तेच आधी मोडतात.

निघताना मी त्यांना सरळ विचारलं, "मामा, मग पडणार नाही ना?"

"पडणार नाही असं मी म्हटलंच नाही." हेल्मेट डोक्यावर चढवत ते म्हणाले, "पडण्यासारखं आज काही दिसत नाही, एवढंच. पण तू अर्धंच विचारतेस. पडलं तर कशावर, ते विचार की. माळावरचं झाड मोडकं असलं तरी कुणाचं काय जातंय? इथं खाली बाज आहे. ती उचल."

बाज उचलायला दोन मिनिटं लागली, आणि सगळ्या पाहणीत मला जड गेलं ते तेवढंच. सासऱ्यांच्या वेळेपासून ती तिथेच होती, फक्त सुंभ बदललेलं. आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, जिथे दुपारी ऊन येतं आणि सासूबाई रोज एकदा कुरकुरतात. संध्याकाळी वारं पडलेलं असेल तर आम्ही दोघी तिला ओढत लिंबाखाली नेतो. आभाळ भरलं की ओढत परत. मोठ्या फांद्यांच्या टप्प्यात येणारी मागची खोली पावसाळ्यापुरती धान्याला दिली आणि झोपायचं पुढे आणलं. दर मोठ्या वाऱ्यानंतर मी ओळंबा धरून खोडावर खडूने खूण करते. खुणा एकमेकींवर पडतायत. काप घेतलेल्या जागी कडेने सालीचा गोल ओठ वळू लागला आहे. भीती गेलेली नाही, तिला आता कामं मिळाली आहेत.

गुलमोहर गेल्यावर काकांची शेड उघडी पडली. पत्रा दुपारी असा तापतो की गाडीच्या हँडलला हात लागत नाही. आठवडाभर ते आमच्याशी बोलले नव्हते. परवा फाटकाशी आले, लिंबाकडे बघितलं, पाल्याच्या कचऱ्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि म्हणाले, "वहिनी, दुपारच्या वेळी गाडी जरा तुमच्या लिंबाखाली लावली तर चालेल का?"

"चालेल की," मी म्हटलं. "वारं सुटलं तर चावी घेऊन पळत यायचं."